काकाडू आणि आर्नहेम लँडची ग्रूप टूर: आधी काय ठरवायचं आणि मग काय

मेलबर्न-सिडनीला मुलांकडे आलेले आई-बाबा असोत किंवा पुण्या-मुंबईहून थेट निघालेला आठ-दहा जणांचा गट असो, उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काकाडू राष्ट्रीय उद्यानाच्या बाबतीत दोघांचंही एकाच जागी बिनसतं. स्वस्त मिळाली म्हणून विमानाची तिकिटं आधी काढली जातात, मग टूर शोधली जाते, आणि तिथे कोणता ऋतू चालू आहे हे जवळच्या डार्विन शहरात उतरल्यावर कळतं. तोवर धबधब्याचा रस्ता बंद झालेला असतो, शेजारच्या आर्नहेम लँडच्या परवान्याची वेळ निघून गेलेली असते. पैसे जातातच, शिवाय ज्यांची ही भूमी आहे त्यांच्या तोंडून तिच्याबद्दल ऐकायची संधीही हुकते. मला हे दुसरं नुकसान जास्त मोठं वाटतं.

म्हणून क्रम असा ठेवा: ऋतू, ठिकाणं, परवाने, टूर कंपनी, व्हिसा आणि विमा, तिकिटं, सामान. विमानाचं तिकीट सहाव्या जागी आहे.

नकाशा डोक्यात असलेला बरा. डार्विनहून आर्नहेम हायवेने पूर्वेला निघालं की साधारण २५० किलोमीटरवर जॅबिरू हे गाव लागतं, ते काकाडू राष्ट्रीय उद्यानाच्या आतच आहे. उद्यानाचा पसारा जवळपास २०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या पुणे जिल्ह्याहून मोठा. उत्तरेकडचे मूळ रहिवासी स्वतःला बिनिन्ज म्हणवतात, दक्षिणेकडचे मुंगुई, आणि उद्यानाचा कारभार ते आणि सरकारी उद्यान खातं मिळून पाहतात. पूर्वेला ईस्ट अ‍ॅलिगेटर नदी ओलांडली की आर्नहेम लँड लागतं. ती अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवासी, लोकांच्या मालकीची जमीन आहे आणि तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही.

## १. ऋतू ठरवा, मग महिना आपोआप ठरतो

टूरच्या जाहिरातीत ‘कोरडा’ आणि ‘पावसाळी’ असे दोनच हंगाम दिसतात. बिनिन्ज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात, आणि सहल आखायला हेच सहा जास्त उपयोगी पडतात.

साधारण मेपासून जूनच्या मध्यापर्यंत येगे. पाऊस संपलेला, हवेत थोडा दमटपणा, पाणथळ जागी कमळं. उन्हाळ्याच्या सुट्टीत महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या वाट्याला हाच ऋतू येतो आणि तो छान आहे, फक्त मे महिन्यात जिम जिम धबधब्याचा रस्ता उघडलेला असेलच असं धरून चालू नका. जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत वुर्गेंग: दिवसा तिशीच्या आसपास, रात्री १७ अंशांपर्यंत उतरणारा पारा. ज्येष्ठांसाठी सर्वांत सोयीचा काळ हाच. पण ऑस्ट्रेलियातल्या शाळांची वर्षाच्या मध्यातली सुट्टी याच सुमारास पडते, त्यामुळे गर्दी आणि दर दोन्ही चढे. त्यानंतर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत गुरुंग. हा कोरडा आणि तापलेला असतो. पाणवठे आटत जातात तसे पक्षी उरलेल्या पाण्यावर जमतात. पक्षी पाहायचे असतील आणि ऊन सोसत असेल, तर माझी पसंती याच ऋतूला.

ऑक्टोबरच्या मध्यापासून गुनुमेलेंग सुरू होतो. दिवसभर घाम निथळणारा उकाडा आणि दुपारनंतर विजांची वादळं. दिवाळीची सुट्टी बरोबर यात सापडते. पुढचा गुजेवग म्हणजे डिसेंबर ते मार्चचा खरा पावसाळा, आणि एप्रिलच्या आसपास उंच वाढलेलं गवत आडवं करणारी शेवटची वादळं घेऊन येणारा बांगेरेंग.

सावध: नाताळच्या सुट्टीत मुलांना वेळ असतो म्हणून बहुतेक कुटुंबं डिसेंबर-जानेवारी धरतात. त्या काळात जिम जिम आणि ट्विन फॉल्सचे रस्ते बंद असतात, पूर आला की कातळचित्रांसाठी प्रसिद्ध उबिरचा रस्ताही तुटतो, आणि नदीपलीकडच्या आर्नहेम लँडमध्ये गाडीने जाता येत नाही. विमानातून धबधबे पाहायचे असतील तर तेव्हा जरूर जा. चालत फिरायचं असेल तर जाऊ नका.

आणखी एक गोष्ट कोरड्या हंगामाच्या सुरुवातीची. गवत अजून पुरतं वाळलेलं नसताना बिनिन्ज लोक आणि रेंजर ठरवून छोटे छोटे वणवे लावतात, म्हणजे पुढे ऊन तापल्यावर मोठी आग भडकत नाही. रस्त्याकडेला धूर दिसला की आपली मंडळी घाबरून फोटो पाठवायला लागतात. घाबरायचं कारण नाही, पण गटात कुणाला दमा असेल तर इन्हेलर हाताशी हवा, डिकीतल्या बॅगेत नको.

## २. ठिकाणं निवडा, आणि मग त्यातली थोडी गाळा

डार्विनहून एका दिवसात काकाडू ‘करून’ येणाऱ्या बस आहेत. जाण्या-येण्यात पाचशे किलोमीटर आणि सहा तास जातात. उरलेल्या वेळात एक बोट आणि एक चित्रगुहा. हा सौदा घेऊ नका. उद्यानात किमान दोन रात्री, आर्नहेम लँड जोडायचं असेल तर तीन.

दोन रात्रींत नीट बसतं ते एवढंच: उबिरची कातळचित्रं आणि तिथल्या कड्यावरून सूर्यास्त, बुरुंगकुईची कातळचित्रं (जुन्या नकाशांवर हे ठिकाण नूरलांजी म्हणून सापडेल), आणि कूइंडाजवळच्या येलो वॉटर या पाणथळीवर पहाटेची बोट. बोट पहाटेचीच घ्या, दुपारची नको. सकाळी पक्षी हलते असतात आणि ऊन तापलेलं नसतं.

जिम जिम फॉल्सचा हट्ट बहुतेक गटांत कुणीतरी धरतोच. तिथे जायला हायवे सोडून साठेक किलोमीटर कच्चा रस्ता, त्यातला शेवटचा भाग फक्त फोर-व्हील ड्राइव्हचा, आणि मग जवळपास एक किलोमीटर मोठमोठ्या धोंड्यांवरून हात टेकत जाणं. येतानाही तेच. कोरड्या हंगामाच्या शेवटी कड्यावरून पडणारं पाणी बारीक होतं किंवा थांबतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ‘जमेल हो’ म्हणून तिथे नेऊ नये.

तपासा: गटातल्या सगळ्यांत कमी चालू शकणाऱ्या व्यक्तीला विचारा, ‘ओबडधोबड पायऱ्यांवरून अर्धा तास उन्हात चालाल का?’ उत्तर नाही असेल तर उबिरची खालची चित्रं, बुरुंगकुईची अनबांगबांग गॅलरी आणि येलो वॉटर एवढंच घ्या. उबिरचा शेवटचा चढ छोटा आहे, पण खडा आहे. तो चढायचा की नाही हे त्या व्यक्तीने तिथे पोचल्यावर ठरवावं.

## ३. परवाने आणि पास

काकाडूत शिरायला प्रवेशपास लागतो. काही टूरच्या दरात तो धरलेला असतो, काहींच्या नसतो. लेखी विचारून घ्या.

आर्नहेम लँडचं प्रकरण वेगळं आहे. परवाना अ‍ॅबोरिजिनल जमिनींचं काम पाहणारं नॉर्दर्न लँड काउन्सिल देतं, आणि अंतिम शब्द त्या त्या जागेच्या पारंपरिक मालकांचा. काकाडूहून दिवसभरात जमण्यासारखी जागा म्हणजे गुनबलान्या. ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवरच्या काहिल्स क्रॉसिंग या पुलापलीकडे पंधरा-सोळा किलोमीटरवरचं हे गाव. तिथे इंजलाक हे कलाकेंद्र आहे, आणि गावातलेच गाइड इंजलाक टेकडीवरची कातळचित्रं दाखवायला नेतात. टूर कंपनी परवाना काढणार असेल तरी प्रत्येकाचं पासपोर्टावरचं नाव, तारीख आणि येण्याचं कारण वेळेत कळवणं तुमच्याकडेच राहतं. स्वतः काढणार असाल तर किमान तीन आठवडे हाताशी ठेवा.

सावध: परवाना मिळाल्यावरही भेट रद्द होऊ शकते. गावात कुणाचं निधन झालं की सुतकाचा काळ पाळला जातो आणि कधी कधी गाव किंवा एखादा भाग पाहुण्यांसाठी बंद होतो. त्यावर वाद घालू नका, ‘आम्ही एवढ्या लांबून आलो’ असं म्हणू नका. घरात गमी असताना आपणही दार उघडं ठेवत नाही. त्या दिवसासाठी दुसरा बेत आधीच ठरवून ठेवा: ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवरची गुलुयांबी बोट हा चांगला पर्याय आहे, कारण तिथेही गाइड अ‍ॅबोरिजिनल असतो.

दारू आर्नहेम लँडमध्ये न्यायची नाही. ड्रोन काकाडूत परवान्याशिवाय उडवता येत नाही, तेव्हा तो घरीच ठेवा.

## ४. टूर कंपनीला विचारायचे प्रश्न

इथे लोक दर विचारतात, हॉटेल किती तारांकित ते विचारतात आणि थांबतात. काकाडूत हॉटेल दुय्यम आहे. पहिला प्रश्न हा विचारा: संस्कृतीबद्दल कोण सांगणार?

‘अ‍ॅबोरिजिनल संस्कृतीचा अनुभव’ असं कार्यक्रमात लिहिलेलं असतं, आणि प्रत्यक्षात ड्रायव्हर फलकावरचा मजकूर वाचून दाखवतो. ड्रायव्हर कितीही अभ्यासू असला तरी एखादी गोष्ट सांगायचा अधिकार सगळ्यांना सारखा नसतो. कुठली कथा कुणी, कुणाला आणि किती सांगायची याचे तिथे नियम आहेत. म्हणून नेमकं विचारा: कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, किती तास स्थानिक अ‍ॅबोरिजिनल गाइड बरोबर असेल? या प्रश्नाचं गोलमोल उत्तर आलं तर पुढची कंपनी बघा.

मग बाकीचे:

- गाडी कोणती आणि गटात एकूण किती माणसं? मोठी बस डांबरी रस्ता सोडत नाही.
- रस्ता किंवा जागा बंद असेल तर पैसे परत मिळणार, की बदली ठिकाण? बदली असेल तर कोणतं?
- मुक्काम तंबूत की खोलीत? तंबूत असेल तर कॉट आहे का, आणि संडास किती लांब? रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या बाबांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे.
- शाकाहारी जेवण म्हणजे नेमकं काय देणार?

शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबतो. तिकडे ‘व्हेजिटेरियन’ सांगितलं की अनेकदा तेच जेवण मांस वगळून मिळतं: भाजलेली मक्याची कणसं, सॅलड, ब्रेड. तेही ज्या तव्यावर सॉसेज भाजलं त्याच तव्यावर. अंडं चालतं का, मासे चालतात का, वेगळा तवा हवा का, कांदा-लसूण चालतो का, हे प्रत्येक माणसाच्या नावापुढे ईमेलमध्ये लिहून द्या आणि निघायच्या आदल्या दिवशी फोनवर पुन्हा सांगा. जॅबिरूच्या पुढे ऐन वेळी काही मिळत नाही.

## ५. व्हिसा, विमा, तिकीट

भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाचा व्हिजिटर व्हिसा, म्हणजे सबक्लास ६००, ऑनलाइन काढावा लागतो. इतर काही देशांच्या लोकांना मिळणारी झटपट ई-परवानगी आपल्याला लागू नाही. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारे पैसे कुठेही भरू नका.

विम्यात दोन ओळी शोधा: आधीपासूनचे आजार धरलेत का, आणि दुर्गम भागातून हेलिकॉप्टर किंवा विमानाने रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलाय का. दुसरी ओळ नसलेली पॉलिसी काकाडूसाठी निरुपयोगी.

तिकीट काढताना मुंबईहून सिंगापूरमार्गे डार्विन हा वळसा सिडनीमार्गे जाण्यापेक्षा बराच कमी पडतो. डार्विनला टूरच्या आदल्या दिवशी पोचा. टूरच्या गाड्या पहाटे निघतात आणि उशिरा उतरलेल्या विमानासाठी कुणी थांबत नाही.

## ६. सामान आणि खाऊ

मोठी कडक सूटकेस डार्विनच्या हॉटेलात ठेवा. बरोबर मऊ बॅग घ्या, कारण ट्रेलरमध्ये तीच बसते. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, रुंद काठाची टोपी, पकड असलेले बंद बूट, जून-जुलैत एक स्वेटर. डासांसाठी डीईईटी किंवा पिकारिडिन असलेलं मलम डार्विनमध्येच घ्या. तिथल्या डासांतून रॉस रिव्हर विषाणूचा ताप येतो, सांधे आठवडेच्या आठवडे दुखतात. संध्याकाळी घोट्यांना लावायला विसरू नका.

आता खाऊ. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत आणि मराठी घरांतून सर्वांत जास्त गफलत इथेच होते. पेढे, बर्फी, खव्याचे मोदक, दुधाचं काहीही नेऊ नका. कढीपत्ता, फळं, पेरता येतील अशा बिया नकोत. बाकी चिवडा, मसाले, लोणचं, जे काही असेल ते आगमनाच्या घोषणापत्रात ‘होय’ लिहून दाखवा. दाखवलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर जबर दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. डाळ-तांदूळ डार्विनमध्ये मिळतात.

तपासा: निघायच्या आदल्या रात्री बॅगेच्या बाजूचे कप्पे उघडून पाहा. विसरलेला लाडूचा डबा किंवा प्रसादाचा पेढा तिथेच सापडतो.

फोनचं म्हणाल तर जॅबिरू आणि कूइंडाच्या आसपास टेलस्ट्राची रेंज मिळते, इतर नेटवर्क बहुतेक गप्प. गाइडकडे सॅटेलाइट फोन आहे ना, एवढं विचारून घ्या आणि घरच्यांना सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागला नाही तरी काळजी करू नका.

## ७. पाणी, मगर आणि ऊन

नदी दिसली की पाय धुवायचे, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. काकाडूत ती पूर्ण सोडा. खाऱ्या पाण्यातली मगर तिथे गोड्या पाण्यातही राहते, गढूळ पाण्यात हातभर अंतरावर असली तरी दिसत नाही, आणि रोज एकाच जागी कोण येतं ते हेरते. काठापासून किमान ५ मीटर लांब राहा. बोटीतून हात बाहेर काढू नका. पाणी कितीही निवळ असलं तरी ‘पोहायला मोकळं’ हे गाइडने सांगितल्याशिवाय धरू नका.

हे सगळं कुठे कळतं, तर काहिल्स क्रॉसिंगवर. ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीवरचा हा काँक्रीटचा फरशी पूल. भरती आली की पाणी समुद्राकडून उलटं वर चढतं आणि पुलावरून वाहू लागतं. त्याबरोबर मासे येतात, आणि माशांसाठी मगरी पुलाच्या कडेला तोंडं उघडून ओळीने बसतात. काठावर बघायला उंच सज्जे बांधलेले आहेत. तिथून पाहा, पण भरतीची वेळ आधी बघून जा, ओहोटीत गेलात तर नुसता ओला पूल दिसेल. पुलावर खोली दाखवणारे खांब आहेत. गाडीचा ड्रायव्हर ते वाचून थांबला तर त्याला घाई करू नका. पायी तर कुणीही उतरायचं नाही, या जागी माणसं मगरीच्या तोंडी गेलेली आहेत.

उन्हाबद्दल एकच हिशोब: चालताना तासाला एक लिटर पाणी, तहान लागायची वाट न बघता. रक्तदाबाच्या आणि पाणी काढणाऱ्या गोळ्या चालू असतील तर प्रमाण डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. मोठं चालणं सकाळी अकराच्या आत संपवा. आणीबाणीचा नंबर ०००.

## ८. चित्रांपुढे आणि माणसांपुढे

उबिरच्या मुख्य कातळाखाली उभं राहिलात की एक मोठा मासा दिसतो, बारामुंडी. वरून कातडी काढल्यासारखा: पाठीचा कणा, काटे, आतला हवेचा फुगा, सगळं लाल-पांढऱ्या रेघांत. त्याच्यावर दुसरा मासा, त्याच्याखाली तिसरा, अर्धा पुसलेला. हे रंग दगडांतून काढलेले आहेत, आणि बोटाचं तेल किंवा पायाने उडालेली धूळही त्यांना पुरेशी घातक आहे.

म्हणून कठड्याच्या आत हात नाही, पाठ टेकणं नाही. आपल्याकडच्या ज्येष्ठांना हे खास सांगावं लागतं: देवतेचं चित्र आहे असं कळलं की पायाला हात लावून नमस्कार करावासा वाटतो. बुरुंगकुईला वीज पाडणारा नामार्गन आहे, गुडघ्यांना आणि कोपरांना दगडी कुऱ्हाडी बांधलेला. त्याला लांबूनच हात जोडा. फूल, नाणं, कुंकू काही ठेवू नका.

पुढचे काही नियम फलकांवर नसतात:

- माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. मुलांचे तर नाहीच. गाइडने ‘इथे कॅमेरा नको’ म्हटलं की फोन खिशात. कारण विचारू नका.
- निधन पावलेल्या माणसाचं नाव घेणं किंवा फोटो दाखवणं अनेक समाजांत टाळलं जातं. एखाद्या चित्रकाराचं नाव कुठे वाचलेलं असलं तरी गाइडने घेतल्याशिवाय तुम्ही घेऊ नका.
- काही गोष्टी फक्त पुरुषांच्या, काही फक्त बायकांच्या. गट दोन भागांत विभागला तर नवरा-बायकोने एकत्र राहायचा आग्रह धरायचा नाही.
- नजरेला नजर मिळाली नाही किंवा उत्तर लगेच आलं नाही, तर प्रश्न मोठ्या आवाजात पुन्हा विचारू नका. गप्प बसणं हा तिथे बोलण्याचाच भाग आहे. थोडं थांबलात की बरंच काही ऐकायला मिळतं.

पवित्र जागांना नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे काकाडू ज्या प्रांतात आहे तिथे, १९८९ च्या कायद्याचं संरक्षण आहे. ‘प्रवेश नाही’ पाटीच्या पुढे चार पावलं टाकणं हासुद्धा गुन्हा ठरू शकतो. गुनलोम हे काकाडूतलं एक नावाजलेलं ठिकाण २०१९ मध्ये बंद झालं, कारण तिथे नवी पायवाट बांधताना एका पवित्र जागेला धक्का लागला होता. पुढे हे प्रकरण थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तेव्हा रील काढायला कठडा ओलांडणाऱ्या पुतण्याला गटातल्या मोठ्यांनीच आवरावं, गाइडवर ती वेळ आणू नये.

## ९. खरेदी

डार्विनच्या दुकानांत ठिपक्यांची बूमरँगं ढिगाने मिळतात, त्यातली पुष्कळशी या प्रदेशाची नसतात. खरेदी कलाकेंद्रातून करा: गुनबलान्याचं इंजलाक, जॅबिरूतलं मरावुड्डी, कूइंडाजवळचं वाराजान सांस्कृतिक केंद्र. पैसा कारागिरांपर्यंत पोचतो. मोठ्या चित्राबरोबर कलाकाराचं नाव, गाव आणि विषय लिहिलेलं प्रमाणपत्र मागून घ्या. घासाघीस करू नका.

सावध: मगरीच्या कातड्याच्या वस्तू देशाबाहेर नेताना परवान्याची अट येऊ शकते, पिसं लावलेल्या वस्तूंनाही. विकणाऱ्याकडून कागद मिळत नसेल तर घेऊ नका. झाडाच्या सालीवर काढलेलं चित्र विमानात वाकलं तर तडकतं, म्हणून ते सपाट पेटीत बांधून केंद्राकडूनच कुरिअरने मागवा. मऊ बॅगेत घडी करून आणायला इंजलाकचं हाताने छापलेलं कापड सगळ्यांत सोपं. दोन-तीन मीटर एकसलग मागा. तुकड्यांत घेतलं तर पुढे कुर्त्याला नक्षी जुळत नाही.